पुढच्यास ठेच, मागचा शहाणा – पण सांगितलं तर!

(१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. त्या निमित्ताने मँचेस्टरमधल्या आपल्या मासिक बैठकीत एका सदस्य मैत्रिणीने केलेलं हे भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्या अनेकांनी मागणी केली म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



बोलायला उभं राहण्याआधीच एक कबुली देते. गेली वीसेक वर्षं मी या शहरात आणि आसपास फार्मासिस्ट म्हणून काम करते आहे. आधी रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानांत लोकम म्हणून केलं, म्हणजे आज या दुकानात, उद्या त्या दुकानात. आता एका जीपी सर्जरीत आहे. मी आज औषधांच्या चुकांबद्दल बोलणार आहे. दुसऱ्यांच्या चुकांबद्दल बोलणं सोपं असतं, म्हणून सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करते.

२००९ सालचा शरद ऋतू. शनिवारची सकाळ, दुकानात रांग, फोन वाजतोय, मदतीला एकच डिस्पेन्सर. एका वयस्कर बाईंना ब्लडप्रेशरसाठी अटेनोलॉल १०० मिलिग्रॅम द्यायचं होतं. मी दिलं अलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम. हे गाउटचं, म्हणजे संधिवाताच्या एका प्रकाराचं औषध. दोन्ही नावं 'अ'ने सुरू होतात, दोन्हींवर १०० हाच आकडा, दोन्ही खोकी एकाच कंपनीची, एकाच रंगाची, आणि एकाच फळीवर शेजारी-शेजारी. लेबल बरोबर होतं, आतलं खोकं चुकीचं. मी तपासलंही होतं. पण तपासताना डोळ्यांना जे अपेक्षित असतं तेच दिसतं.

त्या बाई अर्ध्या तासात परत आल्या. म्हणाल्या, "अगं, माझ्या गोळ्या नेहमी नारिंगी असतात, या पांढऱ्या कशा?" मी बघितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. माफी मागितली, गोळ्या बदलून दिल्या. बाई भल्या होत्या, "होतं असं" म्हणून गेल्या. एकही गोळी पोटात गेली नव्हती. दुकानात चुका लिहायचा एक रजिस्टर होता. मी तो उघडला, आणि बंद केला. काही लिहिलं नाही.

पुढच्या वसंतात मला पुन्हा त्याच दुकानात काम मिळालं. आत जाऊन बघते तर त्या फळीवर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली: 'अटेनोलॉल की अलोप्युरिनॉल? दोनदा वाचा.' आणि दोन औषधांच्या मध्ये एक मोकळा कप्पा सोडलेला. डिस्पेन्सरने सांगितलं की मधल्या काळात एका लोकमने अगदी हीच चूक केली होती. या वेळी पेशंट घरी जाऊन दहा दिवस त्या गोळ्या घेत राहिले. अटेनोलॉल एकदम बंद झालं की हृदयाचा त्रास असणाऱ्यांना छातीत दुखू शकतं. तसंच झालं. ते हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. तिथल्या फार्मासिस्टने घरून आणलेलं खोकं उघडून बघितलं म्हणून उलगडा झाला. ते वाचले. त्या लोकमला मात्र दुकानाने पुन्हा बोलावलं नाही. तीही आपल्यासारखीच बाहेरून आलेली मुलगी होती. सगळे म्हणाले, "निष्काळजी होती."

मला ठाऊक होतं की ती निष्काळजी नव्हती. तिच्या आधी त्याच फळीला मी ठेचकाळले होते. ती लाल चिठ्ठी सहा महिने आधी मी चिकटवायला हवी होती. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीही मी गप्पच राहिले.

आपल्याकडे म्हण आहे, 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा'. म्हण चांगली आहे, पण तिच्यात एक अट दडलेली आहे. पुढच्याने "ओय!" म्हणायला हवं. त्याने ओठ मिटून घेतले, तर मागचा शहाणा होत नाही. त्यालाही तिथेच ठेच लागते.

मी का लिहिलं नाही?

भीतीमुळे. आणि ती भीती काल्पनिक नव्हती. २००७ साली विंडसरमध्ये एका लोकम फार्मासिस्टच्या हातून प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रानोलॉल दिलं गेलं होतं. पेशंट वृद्ध होत्या, आधीच खूप आजारी होत्या, आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. फार्मासिस्टवर खटला झाला तो मृत्यूला कारण झाल्याबद्दल नव्हे, तर १९६८च्या औषध-कायद्याखालच्या गुन्ह्याबद्दल. एप्रिल २००९ मध्ये तिला तीन महिन्यांची स्थगित कैदेची शिक्षा झाली. २०१० साली अपिलात ती शिक्षा जाऊन ३०० पौंडांचा दंड राहिला. पण मधल्या वर्षात देशातल्या प्रत्येक फार्मासिस्टने एकच धडा घेतला: चूक लिहून ठेवणं म्हणजे पोलिसांसाठी आपल्या हाताने पुरावा तयार करणं. माझी चूक त्या निकालानंतर पाचेक महिन्यांनी झाली. आणि माझ्यासारख्यांच्या मनात आणखी एक भीती होती. परदेशातून आलेल्या फार्मासिस्टांसाठीचा वर्षाचा ओस्पॅप अभ्यासक्रम, मग वर्षभराचं प्रशिक्षण, मग परीक्षा, असं सगळं करून रजिस्टरवर नाव आलेलं. ते एका ओळीने जाईल? 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हेच शहाणपण वाटलं.

कायदा बदलायला २०१८ उजाडलं. त्या वर्षीच्या एप्रिलपासून, नोंदणीकृत फार्मसीत काम करताना अनवधानाने झालेल्या चुकीसाठी फार्मासिस्टला कायदेशीर बचाव मिळाला. त्यासाठी काही अटी आहेत. त्यातली एक महत्त्वाची: चूक कळल्यावर पेशंटला तातडीने सांगायला हवं. म्हणजे कायदा आता म्हणतो की लपवलंत तर संरक्षण नाही, सांगितलंत तर आहे. इतकी साधी गोष्ट कायद्यात यायला पन्नास वर्षं लागली.

किती मोठा प्रश्न आहे?

फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्याच मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी शेफील्ड आणि यॉर्क विद्यापीठांबरोबर एक अंदाज प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये वर्षाला औषधांच्या सुमारे २३ कोटी ७० लाख चुका होतात. आकडा ऐकून घाबरू नका. यांतल्या बहुतेक चुकांनी काहीही अपाय होत नाही; कित्येक पेशंटपर्यंत पोचण्याआधीच पकडल्या जातात. पण ६ कोटी ६० लाख चुका अपाय करू शकतील अशा असतात, आणि यांतल्या ७१ टक्के हॉस्पिटलमध्ये नव्हे, तर प्राथमिक आरोग्यसेवेत होतात. म्हणजे जीपी सर्जरीत, नेहमीच्या फार्मसीत.

हॉस्पिटलबद्दल वर्तमानपत्रांत येतं, सर्जरीबद्दल येत नाही. पण औषधं तर आपण बहुतेक सर्जरीतूनच घेतो. एक गोळी आपल्या तोंडात जाईपर्यंत चार हातांतून जाते. लिहिणारा, तयार करून देणारा, प्रत्यक्ष घेणारा किंवा घ्यायला लावणारा, आणि नंतर रक्त तपासून लक्ष ठेवणारा. यांतला चौथा हात सगळ्यात जास्त विसरला जातो. गोळी चालू राहते, तपासणी राहून जाते.

जनरल मेडिकल कौन्सिलने करून घेतलेल्या २०१२च्या अभ्यासात १५ सर्जरींमधल्या ६,०४८ प्रिस्क्रिप्शन-नोंदी तपासल्या होत्या. वीसातल्या एका नोंदीत लिहिण्याची किंवा तपासणीची काहीतरी चूक होती. गंभीर चूक मात्र ५५० मध्ये एक. प्रमाण छोटं वाटतं, पण एखाद्या सर्जरीतून दर आठवड्याला किती नोंदी बाहेर पडतात ते मी रोज बघते. छोट्या प्रमाणाला मोठ्या संख्येने गुणलं की त्यातून माणसं निघतात.

मग हे सगळं कुठे नोंदवलं जातं? सन २००० मध्ये इथल्या आरोग्य खात्याने 'स्मरणशक्ती असलेली संस्था' अशा अर्थाच्या नावाचा एक अहवाल काढला. विमान-उद्योगासारखं आपणही आपल्या चुकांकडून शिकावं, असं त्याचं म्हणणं. त्यातून २००३ साली राष्ट्रीय नोंद-यंत्रणा सुरू झाली, ती जून २०२४ मध्ये बंद होऊन तिची जागा नव्या यंत्रणेने घेतली. जुन्या यंत्रणेत लाखांनी रिपोर्ट आले. पण जनरल प्रॅक्टिसमधून आलेले रिपोर्ट एक टक्क्याहूनही कमी असत. जिथे सगळ्यात जास्त गोळ्या लिहिल्या जातात, तिथून जवळजवळ शांतता. याचा अर्थ तिथे चुका होत नव्हत्या असा कोणी घेऊ नये. माझा रजिस्टरही त्या दिवशी कोराच होता.

सांगितल्याने काय होतं?

कुणी म्हणेल, फॉर्म भरून कोणाचं भलं झालंय? एक उदाहरण देते. मेथोट्रेक्सेट नावाचं औषध आहे. संधिवातासाठी देतात, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणं थांबून जीव जाऊ शकतो. २००० साली केंब्रिजशायरमध्ये एका पेशंटचा असाच मृत्यू झाला. चौकशी झाली. मग देशभरातून जुने प्रकार गोळा केल्यावर दिसलं की दहा वर्षांत इंग्लंडमध्ये असे १३७ प्रसंग झाले होते आणि २५ माणसं दगावली होती. प्रत्येक ठिकाणी 'आमच्याकडचा एकटा निष्काळजी माणूस' म्हणून प्रकरण मिटलं असणार. एकत्र ठेवल्यावर कळलं की दोष माणसांत कमी आणि रचनेत जास्त होता. अडीच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या सारख्या दिसत. लेबलवर 'सांगितल्याप्रमाणे घ्या' इतकंच असे. कॉम्प्युटर रोजचा डोस निमूटपणे स्वीकारत असे. मग २००४ पासून इशारे निघाले, पेशंटच्या हातात पुस्तिका आली, प्रोग्रॅम बदलले. आज आम्ही आठवड्याचा वार ठरवून पेशंटला सांगतो.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं. नॉटिंगहॅम, मँचेस्टर आणि एडिंबरा विद्यापीठांच्या संशोधकांनी 'पिन्सर' नावाचा प्रयोग केला. ७२ सर्जरी, त्यांत आपल्या शेजारच्या चेशरमधल्याही होत्या. कल्पना साधी. कॉम्प्युटरला विचारायचं: पोटात अल्सर होऊन गेलेल्या कोणाला पोटाच्या संरक्षणाशिवाय आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालू आहेत? दम्याच्या कोणा पेशंटला बीटा-ब्लॉकर दिलंय? रक्ततपासणी थकलेली कोणाची? काही सर्जरींना नुसती यादी दिली. बाकीच्यांत यादी घेऊन फार्मासिस्ट गेला, डॉक्टरांबरोबर बसला, दुरुस्त केलं. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: नुसत्या यादीपेक्षा सोबत बसणाऱ्या माणसाने चुका बऱ्याच जास्त कमी झाल्या. आज मी सर्जरीत जे काम करते त्याचा पाया हा आहे. मी कोणाला पकडायला जात नाही. मी चहाचा कप घेऊन डॉक्टरांच्या शेजारी बसते आणि म्हणते, "हे दोघे बघू या का?"

आपल्या मातीतलं उदाहरण

इथलं कौतुक करून थांबले तर तुम्ही म्हणाल, साहेबांच्या देशाची आरती झाली. तर आपल्याकडे या.

३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातलं कापसी-कोपरी हे गाव, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतलं. तिथे पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, यवतमाळच्या सरकारी हॉस्पिटलात हलवलं, सगळी बचावली. आणि पुढे काय झालं? तिघांवर निलंबनाची कारवाई होईल, असं लगेच जाहीर झालं. त्यांत आशा कार्यकर्तीही होती.

बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांनी डोक्याला हात लावला असेल, "इतकी कशी अक्कल नाही!" मीही लावला. मग मला माझी फळी आठवली.

ज्या बाईने आयुष्यात कित्येक पोलिओ-रविवार केले असतील, तिच्या हातात त्या दिवशी सॅनिटायझर का आला? करोनाच्या वर्षात प्रत्येक टेबलावर एक नवी बाटली येऊन बसली होती. ती कुठे ठेवायची याची सूचना कोणी दिली होती का? मुलाच्या तोंडात थेंब सोडण्याआधी दुसऱ्या कोणी नाव मोठ्याने वाचायचं, असा नियम होता का? त्या आठवड्यात महाराष्ट्रात इतर कोणत्या बूथवर हेच थोडक्यात टळलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं निलंबनाने मिळत नाहीत. उलट, दुसऱ्या तालुक्यातली आशाताई, जिच्या हातून बाटली उचलली गेली आणि वेळेवर लक्षात आली, ती ही बातमी वाचून काय शिकली असेल? तोंड उघडायचं नाही, हेच.

आणि आपण इथे जमलेली माणसं समतेच्या गोष्टी करणारी, म्हणून हेही म्हणते. चूक साखळीतल्या कुठल्याही कडीत होवो, सापडतो तो शेवटचा हात. तो हात बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराचा असतो, बाईचा असतो, मानधनावरच्या माणसाचा असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे न्यायाच्या दृष्टीने वाईट आहेच, पण पुढच्या पेशंटच्या दृष्टीनेही वाईट आहे. कारण चोर तिथेच फळीवर बसून राहतो.

मग गुन्हेगारांचं काय?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात, आणि मँचेस्टरमध्ये तो विचारायलाच हवा. इथून सात-आठ मैलांवर हाइड आहे. तिथल्या डॉ. हॅरोल्ड शिपमनने आपल्याच पेशंटांना डायमॉर्फिन टोचून मारलं. ३१ जानेवारी २००० ला १५ खुनांसाठी तो दोषी ठरला. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीची सुनावणी आपल्या टाउन हॉलमध्ये झाली, आणि जुलै २००२च्या पहिल्या अहवालाने २१५ बळी मोजले. "चुकणाऱ्याला दोष देऊ नका" म्हणत राहिलो तर असा माणूस त्याआड लपेल की नाही?

माझं उत्तर असं. शिपमनने केली ती चूक नव्हती, ते खून होते. त्यांच्यासाठी पोलीस आणि कोर्टच हवं. जाणूनबुजून केलेलं, नशेत केलेलं, लपवलेलं, यांना माफी कोणीच मागत नाहीये. पण ती हकिकत पुन्हा वाचा. मार्च १९९८ मध्ये समोरच्याच सर्जरीतल्या डॉ. लिंडा रेनल्ड्स यांनी कॉरोनरला सांगितलं होतं की शिपमनच्या पेशंटांचे मृत्यू फारच जास्त आहेत. म्हणजे सांगणारी व्यक्ती होती. पोलिसांनी वरवर तपास करून एप्रिलमध्ये तो बंद केला. सप्टेंबरमध्ये अटक होईपर्यंत आणखी तीन बायका मारल्या गेल्या. चौकशीने त्या तपासावर नंतर कडक टीका केली. तेव्हा हाइडचा धडा 'डॉक्टरांना धाकात ठेवा' एवढाच नाही. सांगणाऱ्याचं ऐका, आणि आकडे एकत्र ठेवून बघा, हा त्याहून मोठा धडा आहे. चुकांच्या बाबतीतही नेमकं तेच करायचं आहे. जिथे नेहमीच्या चुका मोकळेपणाने बोलल्या जातात, तिथे जाणूनबुजून केलेलं काही असेल तर ते वेगळं उठून दिसतं. सगळेच गप्प असले की त्या शांततेत शिपमनही सामावून जातो.

आपल्या घरात

आता शेवटचा भाग, आणि हा तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातला आहे.

उन्हाळ्यात आपले आई-वडील येतात. बॅगेत चकली, मेतकूट आणि सहा महिन्यांच्या गोळ्या. गोळ्या खोक्याबाहेर काढलेल्या, जागा वाचावी म्हणून, नुसत्या स्ट्रिप रबरबँडने बांधलेल्या. नाव कापलं गेलेलं. बाबांची साखर इथे वाढली की आपण त्यांना जीपीकडे नेतो. डॉक्टर विचारतात, काय घेतात? आपण म्हणतो, मेटफॉर्मिन. कारण स्ट्रिपवर ग्लायकोमेट आहे आणि ते मेटफॉर्मिन, हे आपल्याला माहीत आहे. पण नीट बघा, त्यावर 'ग्लायकोमेट जीपी' लिहिलेलं असेल. हा 'जीपी' म्हणजे डॉक्टर नव्हे हो! तो ग्लिमेपिराइड, साखर खाली आणणारं दुसरं औषध, त्याच गोळीत. इथले डॉक्टर वर ग्लिक्लाझाइड लिहितात, एकाच जातीची दोन औषधं होतात, आणि बाबा पहाटे घामाघूम होऊन पडतात. यात दोष कोणाचा? डॉक्टरांनी समोर आलेल्या माहितीवर लिहिलं, तुम्ही माहीत होतं ते सांगितलं. फट होती ती दोन देशांच्या मधली.

तशीच इकोस्प्रिन एव्ही. आपण तिला ॲस्पिरिन म्हणतो, आत ॲटोरव्हास्टॅटिनही असतं. आणि तसंच लोसार आणि लोसेक. भारतात लोसार म्हणजे लोसार्टन, ब्लडप्रेशरचं. इथे लोसेक म्हणजे ओमेप्राझोल, ॲसिडिटीचं. फोनवर ऐकताना फरक एका अक्षराचा.

भाषेचीही गंमत आहे. समजा आजींना मेथोट्रेक्सेट आहे, आठवड्याला सहा गोळ्या, म्हणजे ठरलेल्या एका वारी सहा एकदम. नातू मराठीत सांगतो, "आजी, आठवड्याला सहा." आजी हिशेब करतात: रविवार सोडून रोज एक. एकूण गोळ्या तेवढ्याच, पण रोज घेतल्याने शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. दहा वर्षांच्या मुलाला दुभाषी करू नका. सर्जरीला दुभाषा मागा, तो मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

तेव्हा करायचं काय? पाचच गोष्टी सांगते.

एक. स्ट्रिप कापू नका, खोकी फेकू नका. जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत असतं ते, सगळ्या औषधांसाठी एका कागदावर लिहा. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंसुद्धा त्यातच. लाजू नका, आम्ही हसत नाही.

दोन. गोळीचा रंग किंवा आकार बदलला तर खाण्याआधी विचारा. बहुतेक वेळा कंपनी बदललेली असते. पण त्या बाईंनी विचारलं म्हणूनच त्या वाचल्या.

तीन. चूक सापडली तर नुसती गोळी बदलून घेऊन येऊ नका. शांतपणे विचारा, "तुम्ही हे नोंदवणार आहात ना? पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार?" एप्रिल २०१५ पासून इथल्या जीपी सर्जरींनाही गंभीर अपाय झाल्यास पेशंटला प्रांजळपणे सांगण्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

चार. औषधाचा दुष्परिणाम झाला तर इथे यलो कार्ड आहे. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर १९६४ मध्ये ती योजना सुरू झाली आणि २००५ पासून पेशंटला स्वतःलाही ते भरता येतं. भारतात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम आहे, त्याची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. गावाकडे फोन कराल तेव्हा हा नंबर द्या.

पाच. आणि ही सगळ्यात अवघड. कोणी येऊन तुम्हाला सांगितलं की माझ्याकडून चूक झाली, तर पहिलं वाक्य "कसं काय केलंत हो असं?" हे नको. "सांगितलंत ते बरं केलंत" हे म्हणा. राग येऊ द्या, तो खरा आहे, तक्रार करायचा तुमचा हक्कही आहे. पण क्रम हा ठेवा. आपल्या मुलांशीसुद्धा. फुटलेली कपबशी लपवायची की सांगायची, हे मूल पहिल्या दोन-तीन प्रसंगांतच ठरवतं, आणि मोठेपणी ते नर्स होतं, डॉक्टर होतं, फार्मासिस्ट होतं.

संपवते. मी आता सर्जरीत दर महिन्याला एक छोटी बैठक घेते. रिसेप्शनिस्टपासून डॉक्टरांपर्यंत सगळे असतात, आणि प्रत्येकाने महिन्यातली एक चूक किंवा थोडक्यात टळलेली एक गोष्ट सांगायची. पहिल्या बैठकीत कोणीच बोलेना. तेव्हा मी त्यांना अटेनोलॉलची गोष्ट सांगितली, त्या दुसऱ्या मुलीसकट. खोलीत बराच वेळ शांतता होती. मग आमच्या रिसेप्शनिस्ट बाई म्हणाल्या, "सारख्याच नावाचे आपल्याकडे दोन पेशंट आहेत, मी मागच्या मंगळवारी एकाचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याला देणार होते." त्याच दुपारी दोघांच्या रेकॉर्डवर इशारा लावला.

त्या मुलीला मी नंतर शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. तिची माफी मागायची राहून गेली. ती माफी मी आज तुमच्यासमोर मागते, आणि जिथे जाईन तिथे ही गोष्ट सांगत राहते. तेवढं तरी करता येतं.

आता चहा घेऊ या, आणि तुमच्या बॅगांमधल्या गोळ्या आणल्या असतील तर बाहेर काढा. बघू या.